साहेबरावाचं पीस

चाकणच्या पुढं एक हॅचरी आहे, अंड्यांतनं कोंबडीची पिल्लं काढायचा कारखाना. तिथं माणूस ओळखायचा तो फक्त डोळ्यांवरनं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात कंपनीचे पांढरे कपडे, पायात गमबूट. आत जायचं तर आधी अंघोळ करायची, घरचे कपडे बाहेर ठेवायचे. सख्खा भाऊ शेजारनं गेला तरी कळायचं न्हाई.

अशा ठिकाणी प्रेम कसं व्हायचं सांगा! पण झालं ना.

वर्षालीनं समाधानला बघायच्या आधी ऐकलं. थंडीचे दिवस, नुकतं उजाडत होतं, बाहेर धुकं असं की गाडीचे दिवे दुधात बुडवल्यासारखे. गाडी भरायच्या दारापाशी कोणीतरी पिल्लांच्या खोक्यांशी बोलत होतं.

"चला, सरका आत. दारात उभं राहू नका. पुढचा स्टॉप चऱ्होली. ए बारक्या, दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला चढतो रं?"

"कोणाशी बोलताय?" वर्षालीनं विचारलं.

तो वळला. मास्कच्या वर दोन काळे डोळे, पापण्या पोरीसारख्या लांब.

"पॅसेंजरशी. नवीन ड्रायव्हर मी, समाधान. आधी मारुंजीला आयटीवाल्यांची बस होती माझ्याकडं. ती पोरं बसली की कानात गाण्याची बोंडं घालून झोपायची, कोण बोलायचंच न्हाई. हे बघा, कसे गप्पा हाणतेत!"

वर्षालीला हसू आलं. मास्कचं एक बरं असतं, हसलेलं दिसत न्हाई, असं तिला वाटलं. पण डोळ्यांचं काय करणार?

तिचं काम मोठं जोखमीचं. कुठल्या कोंबड्यांची अंडी कुठल्या मशीनमध्ये गेली, त्यातनं कोणती पिल्लं निघाली आणि ती कुणाच्या शेडात टाकायची, हा सगळा माग तिच्याकडं. तरण्या कोंबड्यांची पिल्लं बारकी निघतात, त्यांच्या खोक्यांना हिरवी चिठ्ठी. थोराड कोंबड्यांची दांडगी, त्यांना पिवळी. दोन्ही एका शेडात पडली की दांडगी खाऊन घेतात आणि बारकी कोपऱ्यात कुढत बसतात.

"चऱ्होलीच्या आबाजींच्या खालच्या शेडात हिरवी, वरच्यात पिवळी," ती म्हणाली. "मिसळलीत तर—"

"तर काय?"

"तर परत बसवर पाठवीन."

"अशी नजर रोखून सांगितल्यावर कोण मिसळंल?" असं म्हणून तो गाडीत चढला.

खोकी लावणाऱ्या दीपमालानं कोपर मारलं. "वर्षे, कान लाल झालेत. तेवढे टोपीत घाल."

पिल्लं उतरली की ड्रायव्हरनं वर्षालीला फोन करायचा, अशी रीत. बाकीचे ड्रायव्हर "उतरली" म्हणून फोन ठेवायचे. समाधानचा फोन मात्र लांबायचा.

"आवाज ऐकवा," वर्षाली म्हणायची. पिल्लं उबेत असली की बारीक कुजबुजतात, गारठली की केकाटतात. तो फोन शेडात धरायचा, आणि इकडं वर्षाली डोळे मिटून ऐकायची.

"पाय बघितले?"

"कुणाचे?"

"पिल्लांचे हो! हातात घ्यायचं आणि पाय गालाला लावायचे. गार लागले तर शेगडी वाढवायला सांगायची."

पलीकडनं हळू आवाज आला, "ऊब हाय."

"नक्की?"

"गालाला विचारून सांगतो. पण मॅडम, तुम्ही बोलायला लागल्यापासून त्या गालाचं काय खरं न्हाई."

असे बरेच फोन झाले. तोंड मात्र दोघांनी एकमेकांचं बघितलं नव्हतं.

मग एके दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर वर्षाली चहा घेत होती. शेजारी जाकीट घातलेला एक जण चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "दादा, अजून एक कटिंग."

तो आवाज! "पॅसेंजर पोचले का?" तिनं विचारलं.

बिस्कीट गेलं चहात. तो बघतच राहिला.

"काय बघताय?"

"नाक. मला वाटलं रागीट असंल."

"मग?"

"न्हाई ओ... लई गुणाचं हाय."

वर्षाली खळखळून हसली. मास्क नव्हता, लपवायला जागाच नव्हती. आणि हसता हसता तिची नजर त्याच्या कॉलरवर गेली. तिनं दोन बोटांनी तिथनं एक पीस काढलं. तांबडं, टोकाला हिरवी झाक.

कंपनीच्या सगळ्या शेडांत कोंबड्या पांढऱ्या. हे पीस गावरान कोंबड्याचं.

हॅचरीतल्या माणसाच्या घरी पंखाचं काही नको, हा तिथला पहिला नेम. कोंबडी नको, कबुतर नको, पोपटसुद्धा नको. कोंबड्या असलेल्या घरी पाहुणा म्हणूनही जायचं न्हाई. घरच्या कोंबडीचा रोग माणसाबरोबर हॅचरीत शिरला, तर पिल्लांबरोबर शेडाशेडात जातो. कामाला लागताना समाधाननं तोंडानं सांगितलं होतं, घरी पक्षी न्हाई.

"हे कुणाचं?" तिचा आवाज उतरला.

"साहेबरावाचं," तो खाली बघून म्हणाला. "आईचा कोंबडा. बरोबर चार कोंबड्या. औशाकडच्या गावाहून दापोडीत आणल्यात. वडील गेल्यावर आई कोणाशी बोलत नव्हती... त्यांच्याशी बोलायला लागली. तिला कुठल्या तोंडानं सांगू, देऊन टाक म्हणून?"

वर्षालीनं चहा खाली ठेवला. "मला साहेबांना सांगावं लागेल."

"माझी गाडी जाईल."

"जाईल. म्हणून तुम्हीच आधी सांगा. न सांगता तुमचे फोन घेत बसायचं, पिल्लांचा आवाज ऐकायचा आणि गप्प राहायचं... मला नाही जमणार."

त्यानं चहा संपवला आणि उठून सरळ मॅनेजर सयाजी साहेबांकडं गेला. साहेब असे ओरडले की टपरीवर ऐकू आलं. तिथल्या तिथं गाडी काढून घेतली. घरातल्या कोंबड्या गेल्या, कंपनीच्या डॉक्टरनं घर बघून हो म्हटलं, तरच परत यायचं. न्हाईतर महिनाअखेरीला गाडी दुसऱ्याची.

मग बदली ड्रायव्हरचे फोन यायला लागले. "उतरली." खट्. वर्षाली बंद फोनलाच म्हणायची, "आवाज ऐकवा..."

रविवारी ती दापोडीला गेली. गल्लीच्या तोंडाशी नळावर बाया पाणी भरत होत्या. तिथंच ती थांबली आणि एकीला म्हणाली, समाधानच्या आईला जरा बोलवा.

गिरजाबाई आल्या. कमरेवर हात. "कोन गं तू? घर हाय की आमाला. रस्त्यावर का बोलवतीस?"

"मी वर्षाली. समाधानच्या हॅचरीतली. मला घरात येता येत नाही."

"का? आमच्या घरचं पानी चालत न्हाई व्हय?"

नळावरच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. वर्षालीचे डोळे भरले.

"पाणी काय, जेवून जाईन आई. पण साहेबराव आहे तोवर तुमचा उंबरा ओलांडता येत नाही. आमच्या कामाचा नेमच आहे तसा."

"त्यो कोंबडा तुजं काय खातो?"

"समाधानची गाडी त्याच्यामुळंच गेली."

"गाडी दुरुस्तीला हाय म्हनाला की त्यो!"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि साहेबांना सांगायला त्याला मीच लावलं."

गिरजाबाईंनी तिला खालनं वरपर्यंत बघितलं. "तोंडावर सांगतीस?"

"हो."

"आन् साहेबराव गेला तर घरात येशील?"

"येईन."

"किती येळा?"

वर्षालीनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. हंडा भरून वाहत होता, कोणाचं लक्ष नव्हतं.

"रोज..." ती म्हणाली. "चालत असेल तर."

एक बाई फिस्सकन हसली. गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक. मग म्हणाल्या, "माझ्या पोराला सांगितलंस का हे?"

"नाही अजून."

"मंजे मला आदी कळलं! बरं झालं."

साहेबराव चारी कोंबड्यांसकट टेम्पोतनं गावाला, गिरजाबाईंच्या भावाकडं गेला. निघताना त्याला मांडीवर घेऊन त्या बराच वेळ बोलत होत्या. आता दर रविवारी भावाला व्हिडिओ कॉल लावतात. "मोबाईल वर धर की रं, तुरा दिसू दे!" घर धुतलं, चुना मारला, डॉक्टर बघून गेला, आणि महिना सरायच्या आत समाधानला गाडी परत मिळाली.

त्या सकाळी पुन्हा धुकं होतं. टपरीवर दोघंच.

"आईनं विचारलंय," समाधान म्हणाला, "सून गल्लीच्या तोंडाशीच उभी राहणार, का आत येणार?"

वर्षालीनं दोन्ही हात उचलले आणि त्याच्या गालांना लावले.

"गार लागतात का?"

"लई गार," तो कसाबसा म्हणाला.

"मग शेगडी वाढवायला नको?"

त्यानं जाकीट काढलं. आधी कॉलर झटकून तिला दाखवली. एकसुद्धा पीस न्हाई. आणि मग ते तिच्या खांद्यावर घातलं.