सोशीक लस

सोऱ्या दाबून शालनमावशी सरळ बोटांनी चकल्या पाडत होती आणि मृणाल ते डोळे भरून बघत होती. सहा महिन्यांपूर्वी ह्याच मावशीला चहाचा कप धरवत नव्हता. संधिवातात शरीराच्या पहारेकरी पेशी स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतात. त्यावर मृणालनं मिरजेच्या प्रयोगशाळेत ‘सोशीक लस’ तयार केली होती. रुग्णाच्या गुडघ्यातलं पाणी काढायचं, त्यातली प्रथिनं लशीत घालायची आणि पेशींना शिकवायचं, की हे सगळं आपलं आहे, ह्याला हात लावायचा नाही.

“चाळीस वर्षं सासरी मी सोशीक,” मावशी हसली. “आता अंगालाबी शिकवलंस बघ.”

“गुडघा दाखव. तपासायला आलेय मी.”

मावशीनं पातळ वर सारलं. गुडघ्यावर करडा, मऊ उंचवटा होता. लाली नाही, ऊब नाही. मृणालनं दाबताच त्यातून बारीक काळे दाणे बाहेर आले.

“हेच व्हय ते? चार दिस पातळाला चिकटत्यात. मला वाटलं, तीळच हायती.”

“दुखत नाही?”

“अजिबात न्हाई.”

मृणालनं एक दाणा बोटावर घेऊन निरखला. मातीतली एक बुरशी मांसात शिरली की असे दाणे धरते. पण कालच्या रक्ततपासणीत दाह शून्य होता, आणि त्या शून्यावर ती खूश झाली होती.

“पाणी काढलं, त्या दिवशी गुडघ्याला काही लावलं होतंस?”

“वारुळाच्या मातीचा लेप. रोजचाच. तू रागवशील म्हणून पुसून आले हुते.”

नुसता पुसून! सुईबरोबर ती माती गुडघ्यात रुतली आणि नळीतही गेली, नळीतून लशीत. मृणालनं स्वतःच्या हातानं बुरशीला ‘आपल्यां’च्या यादीत बसवलं होतं.

लशीवर उतारा होता. पण त्यानं सगळेच धडे पुसले जाणार, बोटं पुन्हा वाकडी होणार. शिवाय बुरशी आत पसरली असेल, तर एकदम पेटून उठलेल्या पेशी मावशीलाच संपवतील, ही भीती होतीच. तरी मृणाल म्हणाली, “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. हे काढायला हवं.”

“ऱ्हाऊ दे की. काय तरास देतंय व्हय ते?”

स्वतःला सोशीक म्हणवत मुंगी चावली तरी गल्ली गोळा करणारी ही बाई. मावशीनं पातळ खाली केलं, उंचवट्यावरून हलकेच हात फिरवला आणि उरलेली चकली पुरी केली.

मृणाल तिच्या शांत चेहऱ्याकडे बघत राहिली. सोसायला नक्की शिकलं होतं कोण, फक्त पेशी?