मध्ये कुणीतरी उभं असल्यासारखं

घरातलं वायफाय मी स्वतः बसवलंय. शाळेचं तोंड चौथीपर्यंतच पाहिलं, पुढचं सगळं वाचून शिकले. कुणाच्या दारात विचारायला गेले नाही. तीन डब्या आहेत. एक खाली स्वयंपाकघरात, एक जिन्याच्या वळणावर, एक वर धाकटीच्या खोलीत. एकीने दुसरीला हाक द्यायची, दुसरीने तिसरीला. धाकटी म्हणजे माझी जाऊ. अंगावरून वारं गेल्यापासून तिला कुशीवरही वळता येत नाही; उजवा हात तेवढा हलतो. उशाशी याच वायफायवर चालणारं बटण आहे. तिने दाबलं की खाली माझ्याजवळ घंटा वाजते.

त्या दिवशी वाजली नाही. मी भांडी घासत होते आणि ती वर ठसका लागून निळी पडत होती. सहज वर गेले म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. आभाळ भरलेलं, जिन्यात दुपारीच दिवेलागणीचा अंधार, आणि ओल्या पोत्यासारखा वास. वळणावरच्या डबीचा दिवा लाल. त्याने ती वर सरकवली, खाली सरकवली. क्षणभर हिरवी व्हायची, की पुन्हा लाल.

"आजी, डबीत दोष नाही."

"आजी तुझ्या घरी. दोष कशात आहे ते सांग."

तो फोनच्या पडद्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आला. "माणसाच्या अंगात पाणीच जास्त. माणूस मध्ये आला की लहरी अडतात... हे तसंच दिसतंय. मध्ये कुणीतरी उभं असल्यासारखं."

"जिन्यात काळं कुत्रं नाही."

"तेच म्हणतोय मी..."

त्याने पिशवी उचलली. उतरताना भिंतीला अंग घासत गेला, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसा.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून संताप आला. तिकडे ती अशी परस्वाधीन, आणि हे मध्ये! जिन्याखाली उभी राहून मी ओरडले, "बाजूला हो!"

दिवा हिरवा झाला. हिरवाच राहिला.

मी धापा टाकत वर गेले. धाकटी पलंगाच्या पार कडेला, भिंतीला चिकटून.

"तुला कुणी सरकवलं गं?"

"ताई, तूच ओरडलीस ना... बाजूला हो म्हणून," ती कुजबुजली. "त्यांना टेकायचं होतं... कधीचे उभेच होते."

गादीची मोकळी बाजू खोल दबली होती. ओल्या पोत्याचा वास आता तिथे होता.

तेव्हापासून घंटा एकदाही चुकलेली नाही. तिला खाली माझ्या खोलीत आणायचं म्हटलं, तर ऐकत नाही. म्हणते, "तुझ्या पलंगावर तिघांना जागा कुठेय?"

काल तिची नखं कापायला बसले होते. तिचे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

खाली स्वयंपाकघरात घंटा वाजली.