पिटुकलीचा मामा

नवजात बाळांच्या कक्षाचं दार ढकलून नर्स घाईघाईने बाहेर आली आणि एका माणसावर आदळता आदळता राहिली. तो दाराला अगदी चिकटून उभा होता. दोन्ही हातांत झाकण लावलेली स्टीलची इवलीशी वाटी होती, आणि चेहरा असा की वाटीत दूध नाही, पेटती ज्योतच आहे.

"जरा बाजूला उभं राहायला काय होतं? सांडलं असतं ना!"

"सांडलं नाही," तो म्हणाला. "वरच्या मजल्यापासून जिवापाड जपत आणलंय. जिन्यात कोणी धक्का दिला नाही... इथेच काय तो प्रसंग आला."

तिने वाटी हातात घेतली. झाकण उचलून पाहिलं. वाटीचा तळ जेमतेम ओला झाला होता, पिवळसर, दाट.

"एवढंच निघालं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ताप आहे तिला. पण खूप खटपट केली हो तिने."

"अहो, मी कुठे तक्रार करतेय? हे सोनं आहे, सोनं. एवढं तर एवढं. आता कोपरापर्यंत हात धुवा, बाबा, आणि बाळाला काचेतून बघून जा."

"मी बाबा नाही."

"इथे बाळाच्या बापाला आम्ही बाबाच म्हणतो."

"पण मी बापच नाही. मामा आहे."

ती क्षणभर गोंधळली. मग ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू तिने तिथेच दाबलं. "मग मामा, हात धुवा."

बाळ वेळेआधीच जगात आलं होतं. बाप मालवाहू जहाजावर, समुद्रात कुठेतरी. आई ऑपरेशननंतरच्या तापाने फणफणलेली, तिला वरच्या वॉर्डातून हलायची परवानगी नव्हती. म्हणजे या मुलीसाठी धावपळ करणारं माणूस असं एकच होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं कपाटाएवढं दुकान होतं, आणि ते सध्या बंदच असायचं.

कक्षातल्या बायकांनी मुलीला पिटुकली म्हणायला सुरुवात केली होती. नर्स मात्र म्हणत नसे. ती बाळांना लाडाची नावं देत नसे. नोकरीच्या पहिल्या वर्षीच तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती, हात बाळावर, मन कामावर. बाळ घरी गेलं की विसरायचं. जी घरी जात नाहीत ती तर आणखी लवकर विसरायची. बाकीच्या म्हणत, बाई दगडाची आहे. तीही म्हणे, असू दे.

पण पिटुकलीचं अंग गार पडत होतं. उबेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. एकेका पेटीत दोन दोन जण. दुधाचा प्रत्येक थेंब बाळ नुसतं ऊब धरण्यात खर्च करत होतं, वजन घसरत होतं. नर्सने प्रशिक्षणात पाहिलं होतं, बाळ उघड्या छातीशी धरलं की माणसाच्या अंगाची ऊबच पेटीचं काम करते. आई हवी हे खरं. पण आई वर तापात पडली असेल तर?

"मामा आहे," ती मेट्रनबाईंना म्हणाली.

मेट्रनबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पुरुष माणूस? शर्ट काढून? माझ्या वॉर्डात?"

"काढून नाही. बटणं सोडून. आणि पडदा लावू."

"उद्या सगळे काका-मामा रांगेत उभे राहतील."

"राहू देत ना! पेट्यांसाठी आपण किती अर्ज केले. ही माणसं बाहेर बाकावर नुसती बसून आहेत, बाई. आणि सगळी गरम आहेत."

मेट्रनबाई हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. वॉर्डात याचा अर्थ हो असा घेतला जाई.

कोपऱ्यात पडदा लागला. कार्यालयातून एक आरामखुर्ची उचलून आणली गेली. घड्याळवाला अंघोळ करून, नखं कापून हजर झाला आणि खुर्चीच्या कडेवर परीक्षेला बसल्यासारखा बसला.

"बटणं सोडा," नर्स म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "सगळी?"

"मामा, मला दिवसभर दुसरी कामं पण आहेत."

एरवी चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलणारे ते हात, पण पहिलं बटणच सुटेना. ती मुद्दाम पाठ करून टोपी आणि पायमोजे शोधत राहिली. वळली तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"इंजेक्शन नाहीये हो."

"मला... माझ्या हातून काही तुटत नाही कधी. पण हे—"

"हे तुटत नाही. मागे टेका." तिने बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून पट्टा बांधला. बांधताना तिचं मनगट त्याच्या खांद्याला लागलं. दोघांनीही लागलंच नाही असं दाखवलं.

"किती हलकी आहे," तो पुटपुटला. "आणि किती... आहे."

मग तो रोज येऊ लागला. बाळ छातीशी धरून तासन् तास बसायचा आणि गप्प बसणं काही त्याला जमत नसे. गिऱ्हाइकांच्या गमती पिटुकलीला सांगायचा, पण आवाज असा बेताचा की पडद्यापलीकडे औषध मोजणाऱ्या बाईलाही नीट ऐकू जावा.

"ऐकलंस का पिटुकले, इथे एक सिस्टर आहेत. हसू आलं की भिंतीकडे बघतात. भिंतीला सगळं ठाऊक आहे."

"मामा, बाळाला झोपू द्या."

"झोपलीय ती. मी दुसऱ्या कोणाशी बोलतोय."

असंच एकदा तो बोलता बोलता थांबला. "एक अडचण आहे. इथे सगळे तुम्हाला सिस्टर म्हणतात."

"मग?"

"मला एक बहीण आहे. वरच्या मजल्यावर. ती पुरेशी आहे."

ती भिंतीकडे बघू लागली... आणि मग चिडून बाहेरच निघून गेली.

त्यानंतरच्याच एका दुपारी पिटुकलीचा श्वास थांबला.

त्याला कळलं ते छातीवरची हालचाल थांबल्यामुळे. "सिस्टर!" एवढंच तो ओरडला. ती पडदा सारून आली तेव्हा बाळाचे ओठ निळसर पडत होते. तिने पायाच्या तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली, परत टिचकी. बाळाने एक झटका दिला, श्वास ओढला आणि बारीकसं रडलं. वेळेआधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायलाच विसरतात कधीकधी. नर्सला त्यात नवल नव्हतं. पण तिने वर पाहिलं तर घड्याळवाल्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झालेला.

"घ्या हिला," तो म्हणाला. "कृपा करा, घ्या."

दुसऱ्या दिवशी तो दूध घेऊन आला, वाटी दाराशी ठेवली आणि आत न येता गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. वजनाचा काटा पुन्हा खाली सरकू लागला.

ड्यूटी संपल्यावर नर्स बाजारपेठेच्या टोकाला गेली. एखाद्या नातेवाइकाच्या दारात ती कधी गेली नव्हती. बाळासाठीच जातेय, असं तिने वाटेत स्वतःला चारदा बजावलं. तो दुकानात उघड्या घड्याळासमोर नुसता बसला होता.

"हे काय चाललंय?"

"माझ्या हातात होती ती," तो म्हणाला. "मी तुम्हाला गोष्ट सांगत होतो. बढाया मारत होतो. आणि ती तिकडे..."

"पेटीत असती तरी थांबला असता श्वास. फक्त पेटी ओरडली नसती. आम्ही तिघी आणि बाळं एवढी. कोणाच्या लक्षात कधी आलं असतं, देव जाणे." ती एक पाऊल पुढे आली. "तुम्ही होतात म्हणून ती आहे. मी उगाच धीर द्यायला बोलत नाही. मला ते येतही नाही."

"परत झालं तर?"

"होईल कदाचित. तुम्ही हाक मारा. मी येईन."

तो तिच्याकडे बघत राहिला. या वेळी भिंत जवळ नव्हती, आणि तिला इकडे तिकडे कुठे बघावं ते सुचेना.

तो परत आला. आणखी दोनदा पिटुकली श्वास विसरली, दोन्ही वेळा त्याने स्वतःच तळव्यावर टिचकी मारली आणि मग हाक मारली. काटा थांबला, मग वर चढायला लागला. त्याच्या ताईचा, बाळाच्या आईचा, ताप उतरला आणि तिला चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. मुलगी अंगाशी लागताच तिला असा काही पान्हा फुटला की ब्लाउज भिजून गेला, आणि ती रडत रडत हसायला लागली.

हे मेट्रनबाईंनी दारातून पाहिलं. आठवड्याभरात शेजारची अडगळीची खोली रिकामी झाली, भिंतींना चुना लागला, खुर्च्या आल्या. आता आया तिथे दिवसभर बाळ घेऊन बसू लागल्या. त्यांना जेवण तिथेच, विश्रांती तिथेच. आई दमली की मावशी, आजी, बाप. एका दांडगट ट्रकचालकाने पहिल्यांदा शर्टाची बटणं सोडली तेव्हा मेट्रनबाईंनीच त्याला दटावलं, "लाजता काय? मागे टेका."

पिटुकली घरी गेली. जहाज किनाऱ्याला लागलं, बाप आला, मामाचं काम संपलं. नर्सने शिस्तीप्रमाणे विसरायला घेतलं. पण दर आठवड्याला ताई मुलीला तपासायला आणायची आणि तिच्या मागे, काही कारण नसताना, घड्याळवाला असायचा.

"बाळाचं वजन छान वाढतंय," मेट्रनबाई काट्याकडे बघत म्हणाल्या. "मामाचं मात्र उतरलेलं दिसतं."

ताईने तोंडाला पदर लावला. त्या दिवशी फाटकापाशी त्याने नर्सला गाठलं.

"मला सरळ विचारायचंय. माझ्याशी लग्न कराल का?"

तिला हे येणार ते ठाऊक होतं. तरी तिने फाटकाची कडी घट्ट धरली. "तुम्ही मला ओळखत नाही. काही दिवस मी घरी जाते आणि एक शब्द बोलत नाही. कोणाशीच. तुमच्यासारख्या बोलक्या माणसाला..."

"मी थांबतो," तो म्हणाला. "घाई नाही."

पावसाळा सरत आला होता. एका संध्याकाळी, अगदी छोट्या बाळांमधलं एक बाळ गेलं. सगळं केलं होतं. ऊब होती, दूध होतं, आई छातीशी धरून बसली होती, आणि तरीही. नर्सने बाळाला पुसलं, स्वच्छ कपड्यात गुंडाळलं, आईजवळ दिलं, तिच्यापाशी बसून राहिली. मग हात धुतले आणि बाहेर पडली.

फाटकापाशी तो उभा होता. रिमझिम लागली होती, त्याच्याकडे छत्री होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि बाकावर बसली. तिची बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. तो एक अक्षर बोलला नाही. छत्री तेवढी तिच्या बाजूला कलती धरून होता, आणि त्याचा एक खांदा भिजत होता.

पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "मुलगा होता. टोपीत मावत नव्हते इतके केस होते त्याला."

आजवर गेलेल्या कुठल्याच बाळाबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती. मग तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. त्याने फक्त आपला हात बाकावर उताणा ठेवला, तिला हवा असेल तर. तिने तो घेतला.

"रविवारी घरी या," डोळे पुसून ती म्हणाली. "आईला भेटायला. ती पहिलाच प्रश्न विचारेल, मुलगा काय करतो."

"सांगा, घड्याळं दुरुस्त करतो."

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी सांगेन, शेजारी बसतो."

पुढची बस आली. ती उठली, आणि त्याचा हात न सोडता चढली.