खुंटीवरची चंची

“रेणुकाक्का, त्या मंजनाची सवय लागती बघा. लेकराला लांब ठेवा,” अंगणवाडीतल्या चंद्रम्मानं बजावलं, तेव्हा रेणुका हसली होती. ‘दंतपालवी’च्या डब्यावर ठळक छापलं होतं, ‘तंबाखूमुक्त’. सासूबाईंची तंबाखूची मिश्री सुटावी म्हणून तिनंच तो हौसेनं आणला होता.

आज बीदरला, खासगी तपासनीस सुकन्याताईंच्या कचेरीत, ती लेकाला, माउलीला, छातीशी घट्ट धरून बसली होती. दीड वर्षाचं पोर दोनदा गळून पडलं होतं. उलट्या, लाळ, अंग गार. पोटात तंबाखू गेलीय, डॉक्टर म्हणाले.

“पहिल्या वेळी मंजनाचा संशय आला, कंपनीकडे तक्रार केली, दावा लावला,” रेणुकेचे वकील श्रीहर्ष म्हणाले. “पण घरातला डबा तपासणीत निर्दोष निघाला. दुसऱ्यांदा पोर आजारी पडलं ते कमलनगरच्या लग्नात, आणि डबा तर हुलसूरला कपाटात! कंपनी म्हणते, आजीबाई चोरून मिश्री लावतात. खरं सांगू? मलाही तेच वाटतं.”

“आणि तुम्हाला?” सुकन्यानं रेणुकेला विचारलं.

“मी अंघोळीलासुद्धा घाबरत जाते, ताई. तेवढ्यात पोर त्यांच्या मांडीवर असतं. पण त्या खोट्या नसल्या, तर मी कुणावर पहारा करतेय?”

हुलसूरच्या घरी सासूबाई, सोजराबाई, कपाळाला फडकं आवळून बसल्या होत्या.

“मिश्री?” त्या उसळल्या. “पोराच्या गळ्याची आन, सोडली म्हन्ले न्हाई का! मंजन लावते. ह्याला दात यायलेत, हिरड्या शिवशिवायल्यात, म्हनून ह्याला बी बोटानं लावते. आमच्या आईनं आमाला लावलं, आमी काय मेलो?”

रेणुकेनं पोराला चटकन जवळ ओढलं. हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

“डोकं कामून बांधलंय, आजी?” सुकन्यानं विचारलं.

“घरी असलं की ठनकतंय. नवा डबा आल्यापून हीच तऱ्हा. कमलनगरला कसं मोकळं होतं! हितं सूनबाई पोलिसावानी बघत बसती.”

सुकन्याची नजर खुंटीवरच्या कापडी चंचीवर गेली.

“गावाला निघाले की ती कमरंला, घरी आले की खुंटीला,” सोजराबाई म्हणाल्या. “सुपारी, लवंग, गावाला लागंल ते आधीच भरून ठिवते. गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यांचं असंच.”

कोपऱ्यावरच्या दुकानात दुकानदार बंडेप्पा कंपनीचं कौतुक करत सुटला. “तक्रार झाली न् जीप आली, अक्का! घरोघर उघडे डबे परत घेतले, नवे कोरे फुकट दिले. अर्ध्या संपलेल्या डब्याला कोन असं देतंय?”

“जीप कधी आली?” सुकन्यानं विचारलं.

“कमलनगरचं लग्न व्हायच्या आधी.”

कंपनीचा प्रतिनिधी श्रीशैल तिथंच होता. “झाकणं सैल होती, मॅडम. ग्राहकाची काळजी, दुसरं काय! म्हातारीची झडती घ्या. काळी मिश्री सापडली नाही तर मला विचारा.”

“संध्याकाळी ओसरीवर या,” सुकन्या म्हणाली. “तुमच्यासमोरच झडती घेऊ.”

मग तिनं रेणुकेला गल्लीत पाठवलं. साऱ्या म्हाताऱ्यांना निरोप होता: गावाला निघाल्यासारख्या या.

संध्याकाळी ओसरी भरली. सोजराबाईंची चंची उघडली गेली. सुपारी, लवंग आणि एक चपटी डबी.

“हीच ती मिश्री!” वकील पुढे सरसावले.

“रंग तर बघा, वकीलसाहेब,” सुकन्या म्हणाली.

“गुलाबी…”

“मिश्री भाजून करतात, ती काळी असते. हे श्रीशैलरावही जाणतात. हे मंजनच आहे, पण जीप येण्याआधीच्या डब्यातलं. मोठा डबा बदलला गेला, ही डबी खुंटीवर राहिली. तपासणीला गेला तो बदललेला डबा; तो कधी आला, हे कुणी विचारलंच नाही. लग्नात पोराच्या हिरड्यांना लागलं ते हे.”

“पण चोरून मिश्री…” वकील म्हणाले.

“ती असती, तर आजींचं डोकं घरीही शांत राहिलं असतं. नव्या डब्यात काही नव्हतं म्हणून ठणकलं. कमलनगरला ही डबी उघडली आणि थांबलं. ही तलफ आहे. आजींनी तंबाखू सोडली होती, कंपनीनं ती सुटू दिली नव्हती.”

श्रीशैलचा आवाज चढला. “तिनंच मिसळली असंल तंबाखू!”

“मग सगळ्यांनीच मिसळली का?”

शेजारच्या सावित्रम्मानं कमरेची चंची सोडली. मग दुसरीनं. एकेक डबी समोर आली, आणि प्रत्येकीत तीच गुलाबी पूड होती. श्रीशैल उठला, तर दारात बंडेप्पा उभा. “बसा की. माझ्या हातनं आमच्याच गल्लीला काय विकलंत, ते ऐकून जावा.”

पंचांसमोर डब्या मोहोरबंद झाल्या. पुढे सगळ्यांत तंबाखू निघाली, आणि दाव्यात रेणुकेमागं अख्खी गल्ली उभी राहिली.

पण त्या संध्याकाळी सोजराबाई आपल्या बोटाकडेच बघत होत्या. “म्या ह्याच हातानं पोराला…”

तरी रेणुकेनं माउलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच, अगदी लगत बसली.

आता ती भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते आहे: घरातल्या म्हातारीला आज विचारा, मंजन नसलं की तुझं डोकं दुखतं का? ‘व्हय’ म्हणाली, तर आधी तिच्या मांडीवरचं लेकरू बघा. मग तिला बघा. ती चोर नाही.