शिंकेची शिकार

बदकं वाचवायची होती, म्हणून तोफबाई समुद्रात निघाल्या. नाहीतर होडीला कोणी सोन्याची पायरी लावली असती, तरी त्यांनी पाऊल टाकलं नसतं!

किनाऱ्यावरचे सील खोकून मरू लागले आणि पशुवैद्यकीय कचेरीने बोट दाखवलं ते तोफबाईंच्या बदकांकडे. पक्ष्यांचा फ्लू सीलला झाला, जवळचे पक्षी हेच, तेव्हा मारून टाका! तपासणीत बदकं धडधाकट निघाली होती, पण संशयाला औषध नाही. मग सूनबाई पुढे झाली. विषाणूंचा अभ्यास हेच तिचं काम.

"बाहेरच्या खडकावरच्या सीलनी जन्मात बदक पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "त्यांच्यातही किनाऱ्यावरचाच विषाणू निघाला, आणि तोही सीलच्या अंगाला सरावलेला, तर तो सीलकडून सीलकडे चाललाय. मग बदकं सुटली."

होडी तोफबाईंच्या धाकट्या दिरांची. लाटा अशा की पोटातलं ओठावर यावं.

"सरावलेला म्हणजे काय गं?" कड घट्ट धरून तोफबाईंनी विचारलं.

"आई, आजारी सीलच्या अंगात विषाणू कोट्यवधी. शिंकेतून मूठभर बाहेर पडतात, त्यातले चार-दोन दुसऱ्याच्या नाकात टिकतात. पुढचं सगळं कुळ त्यांचंच. असं नाकानाकातून जाता जाता हवेत तगणारे नि सीलच्या घशाला चिकटणारेच उरतात."

"म्हणजे ज्याला होडीत जागा मिळाली, त्याचाच वंश. आणि यजमान सीलच तडकाफडकी मेला तर?"

"तर शिंकायचं कोणी? विषाणूही तिथेच अडकला."

"खाल्ल्या घरचे वासे मोजावेत, काढून नेऊ नयेत!" दीर हसले.

"तुम्ही लाटा मोजा, भावजी!"

धुकं विरलं आणि खडक दिसला. काळाभोर, शेवाळाने निसरडा, आणि त्यावर शेकडो सील भरल्या पोत्यांसारखे एकमेकांना खेटून पडलेले. एकाने खोकायचं नि चौघांनी ते नाकात घ्यायचं, अशी दाटी. दीर होडीत थांबले. झगे, हातमोजे, मास्क, तोंडापुढे पारदर्शक पडदा असा जामानिमा करून सासू-सून उतरल्या. सूनबाईने लांब काठीच्या टोकाला कापूस लावून एकेक नाक अलगद टिपलं. नळ्या पेटीत जमू लागल्या.

तेवढ्यात लाट आली. भिंतीएवढी! पाय सटकले. पेटी घसरली. पाण्यात गेली! सूनबाई तिच्यामागे झेपावली. तोफबाईंनी तिची मानगूट धरली.

"सोडा, आई! तुमची बदकं..."

"बदकं गेली खड्ड्यात! तू बुडालीस तर मी भांडू कुणाशी?"

पेटी दूर दूर गेली. दोघी वळल्या, तर होडीच्या वाटेवर दांडगा नर आडवा! छाती फुगवलेली, नाक गळणारं. तोफबाई घाबरल्या आणि घाबरल्या की हात आपली रोजची कामं करतात. त्यांनी हात पसरले, गळा काढला, "ती-ती-ती!" संध्याकाळी बदकांना घरी बोलवायची हाक ती!

नर बोलावल्यासारखा आला. धपक, धपक, धपक. तोंडाशी तोंड. श्वासाला कुजक्या मासळीचा वास. आणि...

फच्च!

पडदाभर शिंक!

"आई, हलू नका!" सूनबाई किंचाळली. "पुसू नका! बोलूही नका!"

आयुष्यात पहिल्यांदा तोफ गप्प झाली. खिशात एकच नळी उरली होती. सूनबाईने पडद्यावरचे थेंब टिपले, झाकण लावलं आणि आनंदाने तिथल्या तिथे उडी मारली. "आई, पेटीतले विषाणू तर घरी बसलेले होते, हे होडीत चढलेले! पुढच्या नाकात जाणारे नेमके हेच!"

नर कंटाळून पाण्यात घसरला. दोघी धावल्या. दिरांनी इंजिन सुरू केलं आणि होडी लाटांवर नाचत सुटली!

निकाल आला तेव्हा खबरदारी म्हणून तोफबाई अजून मागच्या खोलीत वेगळ्या होत्या. शिंकेतल्या विषाणूत तेच बदल, जे किनाऱ्यावरच्या सीलमध्ये. सीलकडून सीलकडेच! कचेरीने हुकूम मागे घेतला. खिडकीखालून बदकांची फौज क्वॅकक्वॅक करत गेली.

"वहिनी," दीर बाहेरून ओरडले, "तोफेच्या तोंडावर शिंकायची हिंमत जगात एकानेच केली हो!"

"आणि परत सहीसलामत गेला," आतून आवाज आला. "तुम्ही करून बघू नका!"