साडूंची जास्तीची बॅटरी

हसा लेको, हसा. माझे साडू आत्ता इथे असते तर ते हसले नसते. वायरमन माणूस, अंधाराशी रोजची सोयरीक. एक बॅटरी खिशात, जास्तीची एक पिशवीत. बायको म्हणायची, "दोन दोन घेऊन फिरता, एक घरात तरी ठेवा." पण ते ऐकतील तर शपथ.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. गावाबाहेर तार तुटलेली. साडू आणि त्यांचा धाकटा भाऊ, तोही वायरमनच, दुरुस्तीला निघाले. धाकटा खांबापाशी थांबला, साडू लाइन बंद करायला डीपीकडे गेले. मधे नुसती शेतं, फोनला रेंज नाही. म्हणून ठरलेलं, की लाइन बंद झाली की तिकडून बॅटरी दोनदा दाखवायची. मगच वर चढायचं.

डीपीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जण बसलेला. कमरेला पट्टा, पायात रबरी बूट. म्हणजे यांच्यातलाच.

"माझी बंद पडली हो. जास्तीची आहे का?"

कामावरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? साडूंनी पिशवीतली काढून दिली. चेहरा काही बघितला नाही. तिथेच चुकलं.

थोडे पुढे गेले असतील... मागे उजेड पडला.

एकदा.

पुन्हा एकदा.

साडू वळले. रस्त्यावर कुणी नाही...

आणि लाइन चालू होती.

ते ओरडले. वारा उलटा. मग धावले डीपीकडे. कुलूप उघडेना. भावाला मी मारलं, एवढंच डोक्यात. शेवटी दगडाने कुलूप फोडलं, खटका ओढला.

तसेच पळत खांबाकडे आले. धाकटा खाली बसलेला. जिवंत! काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. त्याला पोटाशी धरून साडू ढसाढसा रडले.

"दादा, तू तर रस्त्याने आलास... मग वर कोण होतं?"

"कुठे वर?"

"खांबावर. माझ्या आधी चढलेलं. ये, ये म्हणत... मला तारेकडे ओढत होतं. मग एकदम सोडलं."

साडूंनी त्याला तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, तार चाटून गेली असेल. असेलही. पण धाकटा भर उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालतो. मी एकदा ती बाही वर करून बघितली आहे. मनगटाभोवती पाच बोटं. भाजलेली, काळी. अजून गेलेली नाहीत.