अठ्ठावन्न आणि वरचे सहा

"वजन?" त्याने वहीतून मान वर न काढताच विचारलं.

"अठ्ठावन्न," तीही ठोकून मोकळी झाली.

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. दोन माणसांच्या छोट्या पाणबुडीचा तो चालक. ती प्रवाळांची अभ्यासक. आठ महिने अर्ज करकरून तिला ही एकच बुडी मिळाली होती. आत बसणाऱ्याला आधी काट्यावर उभं करायचं, असा जहाजावरचा नियम. काटा दोन पावलांवर होता. त्याने तिकडे ढुंकूनही न बघता अठ्ठावन्न लिहिलं.

आता खरं सांगायचं, तर हे तिचं चार वर्षांपूर्वीचं वजन. पुढे ती मावशीकडे राहायला गेली, आणि मावशीच्या हाताला चव. "अंगाला लागतंय तर लागू दे," मावशी म्हणायची. लागलंही.

चारशे मीटरवर पाणबुडी थांबेना. दिव्यांच्या उजेडात पांढरं प्रवाळ समोर होतं आणि या दोघांना घेऊन ती हळूहळू खाली सरकत होती. त्याने पंखे चालवून पाणबुडीला धरून ठेवलं, पण बॅटरी भराभर उतरू लागली.

"वजन कुठेतरी जास्त आहे. तळाला लावलेलं शिसं थोडंथोडं सोडून बघायला बॅटरी पुरणार नाही. किती ते कळलं तर तेवढंच शिसं खाली सोडता येईल," तो म्हणाला. "नाहीतर पाच मिनिटांत वर जावं लागेल."

आठ महिने, आणि पाच मिनिटं... तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"सहा किलो," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्यावरून."

तो हसला नाही. त्याने किलोकिलोचे सहा तुकडे सोडले. पाणबुडी जागच्या जागी स्थिरावली. पुढची चाळीस मिनिटं ती प्रवाळ मोजत राहिली.

"चौसष्ट चांगला आकडा आहे," मध्येच तो पुटपुटला.

"गप्प बसा हो, मोजणी चुकेल!"

वर आल्यावर त्याने नोंदवही उघडली. बॅटरी जास्त का लागली, या रकान्यात त्याने लिहिलं: चालकाची चूक.

"खोटं मी बोलले," ती म्हणाली. "चूक माझी."

"काट्यावर उभं करायचं काम माझं. चार वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो."

"मग आजच कसे चुकलात?"

पेन थांबलं. "तुम्ही वर पाहिलंत — म्हणजे मी वर पाहिलं, आणि..." चारशे मीटर खाली न डगमगलेला गडी इथे घामाघूम झाला. "तुम्ही आवडलात. काट्याचं भानच राहिलं नाही."

सहा किलोंवर न हसलेला माणूस तिलाही आवडला होता, अगदी तिथेच, चारशे मीटरवर. तिने तसं सांगून टाकलं. मग चपला काढून ती काट्यावर उभी राहिली. "या, आता नीट बघून लिहा."

तो वाकला. "चौसष्ट... आणि वर दोनशे ग्रॅम."

"ते आत्ताचे. तुमचं बोलणं ऐकून मूठभर मांस चढलं."

त्याने तेही लिहून घेतलं.